झाकणाच्या आतला आकडा

"उघड की गं बये!"

काटामामा गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाशी झोंबत होता. नखांनी ओढून झालं, किल्लीच्या टोकाने उचकटून झालं, स्टिअरिंगखाली डोकं घालून खटका शोधून झाला. खटका नव्हताच. मागे सात गाड्यांची रांग, त्यातला एकजण तर हॉर्नवर कोपर ठेवून झोपल्यासारखा वाजवत होता. सकाळचे पावणेअकरा वाजले होते आणि सदरा पाठीला चिकटून ओला झाला होता.

"काका, दाबा. ओढू नका, दाबा," पंपवाली म्हणाली.

त्याने दाबलं. झाकण टुणकन उघडलं.

"गाडी तुमची नाही वाटतं?"

"भाचजावयाची आहे. माझी असती तर मला बघूनच तोंड उघडलं असतं तिने."

पंपवाली हसली. "साधं देऊ की पंचाण्णव ऑक्टेनचं, भारीतलं? काहीही घ्या, पंधराच लिटर मिळणार. टँकर अडकलाय. डब्यात मागू नका, ओरडा खाते मी."

"साधं."

"नवी गाडी आहे काका. झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, बघून घ्या एकदा."

"पोरी, एकतीस वर्षं गाडी चालवतोय. पंचाण्णव म्हणजे गाडीला अत्तर लावायचं काम. वास भारी, चाल तीच. टाक साधं, लवकर."

एवढ्यात मागचं दार उघडलं आणि ताई खाली उतरली. त्याची थोरली बहीण. सकाळपासून तिला दहादा सांगितलं होतं, बसून राहा, हलू नकोस. पण ती आली, उघड्या झाकणावर तळवा टेकवला आणि टाकीत जाणाऱ्या नळीकडे बघत उभी राहिली. पाय धरून आले असतील, काटामामाला वाटलं.

"बस ना आत, ताई. वास लागेल."

"लागू दे," ती म्हणाली.

पंधरा लिटर झालं. झाकण ताईनेच लावलं.

पाऊण तासापूर्वी, दहा वाजता, मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलातून फोन आला होता. किडनी आली आहे. तीन वाजेपर्यंत पोचा. काही खाऊ नका, पाण्याचा घोटसुद्धा नको. आणि फोनवरच्या बाईंनी शेवटी सांगितलं ते काटामामाच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं: यादीतल्या पुढच्या पेशंटलाही बोलावून ठेवतोय, तुम्ही वेळेत आला नाहीत तर त्यांना देऊ.

तीन वर्षं ताई त्या यादीत होती. तीन वर्षं आठवड्यातून तीनदा काटामामा तिला डायलिसिसला न्यायचा. चार तास ती मशीनला जोडलेली, चार तास हा बाहेर गाडीत. स्वतःची किडनी द्यायलाही गेला होता. रक्ताची सुई दिसली आणि खुर्चीतल्या खुर्चीत आडवा झाला. गट जुळला नाहीच. ताई हसून म्हणाली, "बरं झालं रे. तुझी घाबरट किडनी घेऊन मी काय केलं असतं? तीपण प्रत्येक पंपावर थांबली असती."

हे असलं ती कुणालाही सुनवायची. पण सकाळी तो फोन आल्यावर ती एक शब्द बोलली नाही. फोन ठेवला आणि वाळलेले टॉवेल घड्या करायला बसली. एकेक. कडेला कड लावून. काटामामा दारात चपला घालून नाचत होता, "ताई, चल! ताई, अगं चल ना!" आणि ही टॉवेलावर हात फिरवतेय. डायलिसिसला तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक मास्तरीणबाई बसायच्या, दोघींची गट्टी होती. गेल्या वर्षी त्यांना असाच फोन आला, त्या गेल्या, ऑपरेशन झालं आणि नवव्या दिवशी त्या वारल्या. त्या खुर्चीवर आता दुसरा माणूस बसतो. ताई त्याच्याकडे बघत नाही.

आणि नेमकी आजच काटामामाची गाडी गॅरेजात. गिअरबॉक्स खोलून बाकावर मांडलेला, चाकं हवेत. मग भाचीच्या, म्हणजे ताईच्या लेकीच्या, नवऱ्याची गाडी मागितली. तो तापाने फणफणलेला. ताईजवळ जायचं नाही म्हणून त्याने खिडकीतूनच किल्ली फेकली. काटामामा खाली झेलायला उभा होता, तो गाडी काढायला पळाला. जावयाने मग ताईला फोन करून गाडीतलं काय काय ते सांगितलं. एसी कसा लावायचा, दार कसं लॉक होतं, असलं काहीतरी. ताई नुसती "हो, हो" करत होती.

काटामामा हे नाव पडलं ते डॅशबोर्डवरच्या काट्यामुळे. पेट्रोलचा काटा. तो अर्ध्यावर आला की ह्याचा जीव अर्धा होतो. विशीत पहिल्या नोकरीवर असताना मालकाची जीप घेऊन हा घाटापलीकडच्या माळावर गेला होता, सहा माणसं बसवून, आणि मध्येच पेट्रोल संपलं. पाच तास उन्हात. झाड नाही, माणूस नाही. गाडीतल्या एका म्हातारबुवांचे ओठ काळे पडले आणि ते ह्याच्या मांडीवर डोकं ठेवून बरळायला लागले. म्हातारबुवा वाचले. पण काटामामाचं काहीतरी त्या माळावर राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून अर्ध्याच्या खाली काटा नाही. लग्नाला जातानासुद्धा वाटेत पंपावर थांबला होता. नवरदेव टाकीत नळी धरून उभा आहे, असा फोटो घरात आहे.

टॅक्सी स्टँडवरचे लोक ह्याला घाबरट म्हणतात. म्हणू दे. त्या माळानंतर ह्याच्या गाडीतून कुणी अर्ध्या वाटेत उतरलेलं नाही. हे त्या म्हणणाऱ्यांपैकी एकाने तरी स्वतःबद्दल छातीठोक सांगून दाखवावं.

आणि पेट्रोलच्या बाबतीत त्याला कुणी शिकवायचं नाही. स्टँडवरचा एकजण महिन्यातून एकदा गाडीला पंचाण्णव पाजायचा. म्हणे ॲव्हरेज वाढतं, इंजिन साफ होतं, गाडी पळते. काटामामाने त्याच्याशी पैज लावली. दोन महिने एकदा हे, एकदा ते, रस्ता तोच, माणसं तेवढीच. एका किलोमीटरचाही फरक पडला नाही. त्या दिवसापासून तो सगळ्यांना सांगत फिरायचा, आकड्याला भुलू नका. हे त्याला त्याच्या मिस्त्रीने शिकवलं होतं, कधीतरी गाडीखाली पडल्या पडल्या. मिस्त्री तेव्हा दोन वाक्यं बोलला होता. काटामामाच्या लक्षात पहिलंच राहिलं.

गाडी पंपाबाहेर पडली तेव्हा स्क्रीनवर आकडा होता तीनशे चार. एवढे किलोमीटर चालेल, असं गाडी स्वतःच सांगत होती. रस्ता दोनशे चाळीस. काटामामाने तीनदा वजाबाकी केली. चौसष्ट शिल्लक. पुरतंय. मधल्या अंगाला, घाट चढल्यापासून शहर येईपर्यंत, पंप नाही. त्याच्या स्वतःच्या गाडीच्या डिकीत पाच लिटरचा डबा कायम भरलेला असतो. तो आता गॅरेजात, हवेत लटकलेल्या डिकीत. त्याची आठवण आली आणि त्याने परत एकदा वजाबाकी केली.

"पुरतंय," तो मोठ्याने म्हणाला.



घाट लागला. त्याने पाय दाबला. वरच्या गिअरमध्येच तिसऱ्या वळणापर्यंत गाडी ताडताड चढली आणि मग आवाज सुरू झाला. बारीक. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी हळूच हलवावं, तसा. टकटकटक. पाय उचलला की बंद, दाबला की सुरू.

"ताई, तुला ऐकू येतंय?"

"काय?"

"टकटक होतंय."

"नाही बाई." ती खिडकीतून बाहेर बघत होती.

चाकात खडा अडकला असेल, तो मनाशी म्हणाला. मग म्हणाला, खडा चाकाबरोबर वाजतो, पायाबरोबर नाही वाजत. मग म्हणाला, नवी गाडी आहे, तिचा आवाजच असा असेल. असं तो स्वतःशी भांडत राहिला आणि घाट चढत राहिला. गाडीचा दम कमी झाला होता. जावई तर सांगायचा, ही गाडी चढावर उडते. हिला ढकलायची वेळ आली होती. म्हणून त्याने आणखी दाबलं. डबा आणखी वाजला.

घाटमाथ्यावर आकडा बघितला. एकशे ऐंशी.

पुढे किती? एकशे नव्वद.

त्याने गाडीचं वजन, चढ, एसी, सगळं मनात धरलं. आता सपाटी आहे, आकडा सावरेल. पण माळावर वारा समोरून होता, घड्याळ पुढे पळत होतं, आणि भीतीने पाय आपोआप जड होतो. शंभर, एकशे दहा. टकटकटक. तीस किलोमीटरमध्ये आकडा बावन्नने खाली आला. एकशे अठ्ठावीस. आणि पुढे रस्ता एकशे साठ.

बाहेर तोच माळ होता. करपलेलं गवत, विजेचे खांब, आणखी खांब. एका खांबाखाली त्याला ते म्हातारबुवा बसलेले दिसले. म्हणजे तिथे दगड होता. पण दिसले.

त्याने गाडी कडेला घेतली.

"काय झालं?" ताई.

"काही नाही. बस तू."

बॉनेट उघडलं. आत सगळं काळ्या झाकणाखाली बंद. काय बघणार? फोन काढला, जावयाला लावावा म्हणून. रेंज नाही. इंजिनाची धग तोंडावर येत होती. तो गाडीला एक चक्कर मारून मागे आला आणि त्याला पंपवाली आठवली. झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, काका.

त्याने दाबलं. झाकण टुणकन उघडलं. आत पिवळा स्टिकर होता, हाताच्या तळव्याएवढा. लहान मुलालाही वाचता येईल अशा अक्षरांत:

किमान ९५.

आणि मिस्त्रीचं दुसरं वाक्य त्याला आठवलं. कितीतरी वर्षांच्या तेल-धुळीखालून वर आलं, आवाजासकट. "आकडा म्हणजे ताकद नसते रे. आकडा म्हणजे दाबल्यावर पेट्रोल किती वेळ गप्प बसतं ते. तुझ्या खटाऱ्यात दाबच नाही, तिला साधं पुरतं, भारी पाजलंस तर वाया. पण ज्या इंजिनात दाब जास्त, त्यात साधं घातलंस तर ठिणगी पडायच्या आधीच ते भडकतं आणि आतून घण घालतं. नव्या गाड्यांना कान असतात, त्या ऐकून ठिणगी मागे ओढतात. मग दम जातो. दम गेला की तू दाबशील. तू दाबशील आणि ती पिईल."

तू दाबशील आणि ती पिईल. ऐंशी किलोमीटरचा घाट आणि माळ तो हेच करत आला होता.

तो तिथेच, मागच्या चाकाला पाठ लावून, डांबरावर बसला. चटका बसत होता तरी उठला नाही. त्याच्या नवव्या वर्षी आई गेली होती. ताई तेव्हा सोळाची. तिने शाळा सोडली आणि ह्याला शाळेत घातलं. ह्याने ती सातवीतच सोडली, तेव्हा तिने ह्याला पहिल्यांदा आणि शेवटचं मारलं, मग स्वतःच रडली, मग मोठा झाल्यावर ड्रायव्हिंग शिकायला पाठवलं. त्या बाईला आयुष्यात एकदाच कुठेतरी वेळेवर पोचवायचं होतं.

खिडकीची काच खाली झाली.

"काट्या?"

"ताई, मी घोळ केला." त्याला तिच्याकडे बघवेना. "ह्या गाडीला पंचाण्णव लागतं. मी शहाणपणा करून साधं भरलं. म्हणून ती ठोकतेय, म्हणून पितेय. आता पुरणार नाही. आणि दामटली तर इंजिन फुटेल. पंपवाली सांगत होती गं, बघून घ्या म्हणत होती. मी तिला अत्तराच्या गोष्टी सांगत बसलो. ताई, मी मारलं तुला."

ताई काहीच बोलली नाही. खूप वेळ. एवढा वेळ की शेवटी त्याने वर बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता की काटामामाला वाटलं, हिला इथेच काहीतरी होतंय. तो धडपडून उठला.

"ताई! काय होतंय?"

"रडतोस काय असा रस्त्यावर बसून?" तिचा आवाज फाटला होता. "पन्नाशी उलटली तुझी."

"ताई..."

"ऊठ आधी. काय केलं की कमी पिईल ती?"

"न दाबलं की. हळू नेलं की. पण मग तीन वाजता..."

"एसी बंद कर," ताई म्हणाली.

"उकडून जाशील. पाणीपण प्यायचं नाहीये तुला."

"बंद कर म्हटलं ना. आणि चल. पोचव मला, काट्या."

हे 'पोचव मला' ती अशा काही आवाजात म्हणाली की त्याने पुढे वाद घातला नाही.

मग सुरू झालं ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड ड्रायव्हिंग. गाडी हाकायला कुणालाही येते. भीतीने अंग पेटलेलं असताना, घड्याळ डोळ्यासमोर असताना, पाय वर धरून ठेवायचा, हे येत नाही कुणाला. सत्तर. सत्तरच्या वर नाही. चढ आला की एक गिअर खाली आणि पायाचा नुसता अंगठा टेकवायचा. कान डब्याकडे. टक वाजलं की पाय वर. उतार आला की सोडून द्यायची, आपली आपण घरंगळू दे. ट्रक मागून येऊन हॉर्न मारत पुढे गेले. एक बस गेली. एक म्हातारा जुनाट स्कूटरवरून जवळजवळ पुढे गेलाच होता.

"त्याला विचार, लिफ्ट देतो का," मागून ताई म्हणाली.

काटामामाला हसू आलं आणि हसताना दात वाजले. बोटातली अंगठी स्टिअरिंगवर टिकटिकत होती. त्याने ती काढून खिशात टाकली, नाहीतर इंजिनाचा आवाज ऐकू येईना.

आकडा एकशे अठ्ठावीसवर अडकून बसला. दहा किलोमीटर गेले तरी एकशे सव्वीस. मग एकशे एकवीस. रस्ता आकड्यापेक्षा जोरात संपायला लागला. त्याला हे खरं वाटेना. तो दर दोन मिनिटांनी मोठ्याने सांगायला लागला, आकडा किती, रस्ता किती. ताई "हं" म्हणायची. तिचं तोंड लाल झालं होतं, ओठांवर पापुद्रे आले होते. पदर ओला करून कपाळावर ठेव, तो म्हणाला. तर म्हणाली, पाणी हातात घेतलं की प्यावंसं वाटेल, राहू दे.

माळ संपून उतार लागला आणि फोनला रेंज आली. दोन वाजून चाळीस मिनिटं. लगेच वाजलाच. हॉस्पिटलातल्या बाई. काटामामाने स्टिअरिंग सोडायची हिंमत केली नाही, फोन ताईने घेतला. स्पीकरवर ठेवला.

"कुठे आहात तुम्ही? दुसरे पेशंट पोचलेत इथे."

ताईने फोन तोंडाजवळ धरला.

"येतेय मी. अर्धा-पाऊण तास. उतारावर आहोत. बाई, ती किडनी माझी आहे, कुणाला देऊ नका. मी येतेय."

"बरं. डॉक्टरांना सांगते. पण लवकर या."

फोन ठेवल्यावर ती खिडकीला डोकं टेकून बसली. आरशात तिचे डोळे मिटलेले दिसत होते. ती इतक्या जोरात बोलू शकते हे काटामामा विसरूनच गेला होता.

शहराच्या तोंडाशी आकडा गेला. नुसत्या तीन रेघा आल्या. गाडीला आता स्वतःलाच माहीत नव्हतं, किती चालेल. काटा तळाला टेकला, लाल दिवा लागला, वर टुंग टुंग वाजायला लागलं. हॉस्पिटल नऊ किलोमीटर. तीन वाजायला पाच कमी.

आणि डाव्या हाताला पंप.

मोठा, निळ्या छपराचा. चार गाड्या रांगेत. प्रत्येकी दोन-अडीच मिनिटं धरली तरी दहा मिनिटं. पाटीवर अक्षरं होती: ९५ उपलब्ध.

"काट्या, पंप," ताई हळूच म्हणाली. "बघ बाबा."

"दिसला."

त्या माळानंतर हा माणूस अर्ध्या काट्यावर पंप सोडून पुढे गेलेला नाही. पोटचं पोर दाखवावं तसा तो पंप समोर होता. त्याचा हात आपोआप सिग्नलच्या दांड्याकडे गेला. म्हातारबुवांचं डोकं त्याला मांडीवर जाणवलं, खरंखुरं वजन. थांबलं तर पेट्रोल आहे आणि किडनी गेली. नाही थांबलं तर कदाचित दोन्ही गेलं, ताई भर रस्त्यात, ह्या उन्हात, उपाशी. त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो. हात दांड्यावरून परत आला. पंप मागे गेला. आरशात लहान झाला. काटामामाने आरसा वाकडा केला.

पुढचे नऊ किलोमीटर त्याला अजूनही नीट सांगता येत नाहीत. एवढंच सांगतो की सिग्नलला गाडी बंद करत होता आणि चालू करताना डोळे मिटत होता.

तीन वाजून बारा मिनिटांनी ते पोचले. दारात चाकाची खुर्ची घेऊन नर्स उभी होती. ताईला बसवलं आणि पळवतच नेलं. काटामामा फाईल घेऊन मागे. वरच्या मजल्यावर बाकावर एक माणूस बसला होता, चाळिशीचा, सुजलेल्या डोळ्यांचा, मांडीवर बॅग. शेजारी बायको. त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही. ताईची खुर्ची समोरून गेली तसा त्या माणसाने बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. काटामामाशी नजरानजर झाली. तो माणूस म्हणाला, "जा, जा. त्यांच्याबरोबर जा." काटामामा आजही ते बोलणं आठवलं की जेवताना थांबतो.

ऑपरेशन झालं. नववा दिवस गेला. त्या दिवशी काटामामा पहाटेपासून वॉर्डाच्या दारात होता, ताई झोपली तरी नाकापुढे बोट धरून बघत होता. "अजून आहे रे," ती डोळे न उघडता म्हणाली. दहावा गेला. महिन्याने घरी आली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मोठा पेला भरून पाणी प्यायली, एका दमात, हनुवटीवरून ओघळ घेत. काटामामा समोर उभा राहून बघत होता, जणू टाकी भरतेय.

जावयाची माफी मागायला तो स्वतः गेला. मान खाली घालून सगळं सांगितलं, स्टिकर, साधं पेट्रोल, टकटक. इंजिन खोलायचं तर मी खर्च देतो म्हणाला. जावई काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, "जाऊ द्या मामा. इंजिन ठणठणीत आहे. आई बऱ्या झाल्या, संपलं."

पण काटामामाचं संपलं नाही. त्या पंपवालीला तो मुद्दाम भेटून आला, "पोरी, तू बरोबर होतीस," असं सगळ्या रांगेसमोर सांगून आला. आता तो पंपावर थांबला की शेजारच्या अनोळखी माणसाला विचारतो, झाकण उघडून वाचलंत का? साधं लिहिलं असेल तर साधंच भरा, भारी भरून ॲव्हरेज वाढत नाही. पंचाण्णव लिहिलं असेल तर पंचाण्णवच, तिथे शहाणपणा करू नका, माझ्या बहिणीचा जीव गेला असता. लोक हसतात. काही वाचतात. स्वतःच्या त्या अठरा वर्षांच्या खटाऱ्यात तो अजून साधंच भरतो, आणि दर वेळी आधी झाकण उघडून वाचतो. पाठ आहे, तरी वाचतो. त्याच्यामुळे ताई जाता जाता राहिली, हे त्याच्या मनात पक्कं आहे. ताई समोर असली की हा विषय ती बदलते.

का बदलते, ते दोन वर्षांनी कळलं. ताईनेच लेकीला सांगितलं, काटामामा घरात नसताना, दार लावून घेऊन. त्या सकाळी जावयाने फोनवर तिला एसीचं सांगितलं, दाराचं सांगितलं, आणि दोनदा बजावलं होतं: आई, मामांना सांगा, पंचाण्णवच भरायचं, साधं घातलं तर ती घाटात दम टाकते. ती "हो, हो" म्हणाली होती. तिला ती मास्तरीणबाईची खुर्ची दिसत होती. दम टाकेल, उशीर होईल, किडनी दुसऱ्याला जाईल आणि परवा आपण नेहमीसारखं मशीनवर जाऊन पडू, एवढंच तिला हवं होतं. पंपवाली म्हणाली झाकणात बघा, तेव्हा ती गाडीतून उतरली. पाय धरून आले नव्हते. पिवळा स्टिकर तिच्या तळव्याखाली होता.